कथन हाच उपचार : उत्तर युगांडातील बालसैनिक आणि आघातस्मृती

हिंसेने ग्रासलेल्या मुलांच्या मानसोपचारात कथनाला मध्यवर्ती स्थान देणारी ‘नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी’ ही पद्धती जर्मनीतील कोन्स्टान्झ विद्यापीठाशी संबंधित मॅगी शाउअर, फ्रँक नॉयनर व थॉमस एल्बर्ट यांनी विकसित केली. तिची पूर्वपीठिका मात्र चिलीत आढळते. तेथील १९७३ नंतरच्या लष्करी राजवटीत छळ सोसलेल्यांच्या साक्षी नोंदवून घेण्यातून साक्षाधिष्ठित उपचार आकारास आला. साक्ष हा वाङ्मयप्रकार आणि साक्ष हा उपचार यांचे नाते त्यामुळे तौलनिक अभ्यासाच्या कक्षेत येते.

या पद्धतीमागील गृहीतक असे : आघाताच्या स्मृतीत ध्वनी, गंध, भय ही संवेदने तीव्रतेने टिकतात, परंतु घटना कोठे व केव्हा घडली हा संदर्भ त्यांच्यापासून सुटतो. परिणामी भूतकाळ वर्तमानासारखा पुनःपुन्हा अवतरतो. उपचारात प्रथम दोरी पसरून जीवनरेषा मांडली जाते. फुले सुखद प्रसंगांची, तर दगड आघातांचे निदर्शक असतात. पुढे एकेक प्रसंग कालक्रमाने सांगितला जातो. उपचारक तो लिहून घेतो, पुढील भेटीत वाचून दाखवतो व दुरुस्त करतो. सिद्ध झालेली संहिता अखेरीस सांगणाऱ्याच्या स्वाधीन होते. मुलांसाठी या पद्धतीचे ‘किडनेट’ हे रूप योजले गेले.

जोसेफ कोनी याच्या ‘लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी’ने उत्तर युगांडात हजारो मुलांचे अपहरण केले. तेथील ८५ माजी बालसैनिकांवरील चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे वय १२ ते २५ वर्षे होते. प्रशिक्षित स्थानिक व्यक्तींनी त्यांच्या घरी जाऊन आठ भेटींत उपचार केले. शिक्षणपूरक वर्ग व समुपदेशन मिळालेल्या गटाच्या आणि प्रतीक्षायादीतील गटाच्या तुलनेत कथनोपचार घेतलेल्यांची आघातोत्तर लक्षणे अधिक घटली.

आक्रमकतेचा प्रश्न याहून बिकट आहे. काही मुलांना हिंसा केवळ भोगावी लागली नव्हती, ती करताना उन्मादही अनुभवास आला होता. या ‘आसक्त आक्रमकते’साठी ‘फोरनेट’ हे रूप सिद्ध झाले. त्याचा उपयोग पूर्व काँगोत करण्यात आला. त्यात जीवनरेषेवर स्वतः केलेल्या हिंसेसाठी काठ्या ठेवतात. ‘मला नेले’ आणि ‘मी मारले’ ही दोन्ही वाक्ये एकाच संहितेत, एकाच निवेदकाच्या तोंडी यावी लागतात. एकास बळी ठरवून दुसरे वाक्य गाळल्यास कथन अपुरे राहते, आणि उपचारही.

अचोली समाजाकडे या अवस्थेची स्वतंत्र परिभाषा आहे. मृताचा सूड घेणारा आत्मा, ‘चेन’, मारणाऱ्याला झपाटतो अशी धारणा आहे. परतलेल्याने अंडे पायाखाली फोडण्याचा ‘न्योनो तोंग ग्वेनो’ हा विधी त्याला समाजात पुन्हा सामावून घेतो. त्यासाठी तपशीलवार कबुलीची अपेक्षा नसते. उपचार सांगण्यास लावतो, विधी न सांगताही स्वीकारतो. एकाचा भर व्यक्तीच्या स्मृतीवर आहे, दुसऱ्याचा समूहाच्या मान्यतेवर.

न्यायालयातील कथनाची गरज आणखी वेगळी असते. शाळेच्या वाटेवर अपहृत झालेला व पुढे सेनानायक बनलेला डॉमिनिक ओंग्वेन याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये दोषी ठरवून २५ वर्षांची शिक्षा दिली. त्याच्या बालपणाने शिक्षा सौम्य केली, दोष पुसला नाही. म्हणूनच बालसैनिकाच्या कथनाचे वाचन करताना ते कोणापुढे, कशासाठी सांगितले गेले हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.