पोलिसाला पदवी कशाला?



घरातील मुलगा बारावी झाला आणि "मला पोलीस खात्यात जावयाचे आहे," असे म्हणाला, की आपल्या खेड्यांतील घरांतून दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. आई म्हणते, "बाबा रे, ते मारहाणीचे काम आपल्याला नको." वडील म्हणतात, "जायचे तर जा. पण त्यासाठी कॉलेजात पैसे कशाला घालवायचे? उंची आणि छाती भरली म्हणजे झाले!" हल्ली मुलीही हाच हट्ट धरू लागल्या आहेत आणि त्यांनाही हीच उत्तरे मिळतात. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरुद्ध वाटतात. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे. पोलिसाचे काम म्हणजे अंगबळाचे काम, ही ती समजूत होय.

ही समजूत खोडून काढण्याचे काम शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका माणसाने हाती घेतले. गंमत अशी, की त्याचे स्वतःचे शालेय शिक्षणदेखील पुरते झालेले नव्हते. ऑगस्ट व्होल्मर हे त्याचे नाव. कॅलिफोर्निया प्रांतातील बर्कली या गावी तो टपाल वाटण्याचे काम करी. १९०४ साली उतारावरून सुटलेला रेल्वेचा एक डबा त्याने उडी मारून थांबविला आणि उतारूंच्या गाडीशी होणारी टक्कर टाळली. गावात त्याचे नाव झाले आणि पुढल्याच वर्षी लोकांनी त्याला निवडणुकीत गावचा मार्शल, म्हणजे पोलिसांचा मुख्य, म्हणून निवडून दिले. १९०९ पासून १९३२ पर्यंत तो बर्कलीचा पोलीसप्रमुख होता.

बर्कलीला विद्यापीठ होते, हे त्याचे भाग्य. आणि त्या विद्यापीठाची पायरी चढण्यास त्याला संकोच वाटला नाही, हा त्याचा मोठेपणा. १९०७ साली एका संशयास्पद मृत्यूच्या प्रकरणी त्याने जॅक लोब या नामांकित जीवशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला. लोब यांनी त्याला हान्स ग्रोस या ऑस्ट्रियन न्यायपंडिताचे लेखन वाचावयास सुचविले. प्रेताजवळची बाटली, जमिनीवरचा डाग, दाराची कडी, या मुक्या वस्तू साक्षीदारापेक्षा अधिक बोलतात. मात्र त्यांची भाषा शिकावी लागते, हे व्होल्मरच्या ध्यानी आले. १९०८ मध्ये त्याने आपल्या शिपायांसाठी शाळा काढली. तेथे विद्यापीठातील अध्यापक येऊन पुराव्याचा कायदा, आरोग्य व स्वच्छता असे विषय शिकवीत. १९१६ पासून कायद्याचे प्राध्यापक किड यांच्या साहाय्याने विद्यापीठातच उन्हाळी सुटीत गुन्हेशास्त्राचे वर्ग भरू लागले. पोलिसाने विद्यापीठात जाऊन शिकण्याची चाल रुजली ती प्रामुख्याने येथून.

मग उलट दिशेनेही वाट पडली. व्होल्मर विद्यापीठातील तरुणांनाच शिपाई म्हणून घेऊ लागला. लोक त्यांना थट्टेने 'कॉलेज पोलीस' म्हणत. १९१९ साली त्याने वॉल्टर गॉर्डन या कृष्णवर्णीय तरुणाला घेतले. बर्कलीच्या दलातील हा पहिला कृष्णवर्णीय पोलीस. पोलिसाची नोकरी सांभाळून त्याने कायद्याची पदवी मिळविली आणि १९५५ मध्ये तो अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांचा राज्यपाल झाला. ओ. डब्ल्यू. विल्सन हा दुसरा विद्यार्थी १९२१ मध्ये आला. पुढे तो बर्कली विद्यापीठाच्या गुन्हेशास्त्र विद्यालयाचा प्रमुख आणि १९६० पासून शिकागोच्या पोलीस दलाचा अधिपती झाला.

परंतु एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन काय? चोर पकडण्यास पदवी लागते थोडीच! त्याचे उत्तर एका शब्दात आहे आणि तो शब्द आपल्याकडील पोरासोरांनाही ठाऊक आहे: 'थर्ड डिग्री'. संशयिताला कोंडून, जागवून, बडवून त्याच्याकडून कबुली वदवून घेणे, हाच त्या काळी अमेरिकेतील कित्येक ठाण्यांत तपासाचा राजमार्ग होता. १९३१ साली विकरशॅम आयोगाने आपल्या अहवालात तो प्रकार साऱ्या देशापुढे उघडा केला. त्याच आयोगाचा पोलिसांविषयीचा खंड मुख्यत्वे व्होल्मरने सिद्ध केला होता. आपल्या दलात त्याने मारहाणीस पूर्वीच बंदी घातली होती. मारावयाचे नाही असे ठरले, की सत्य शोधण्याची दुसरी वाट माहीत असावी लागते. आणि ती वाट काठीने सापडत नाही, अभ्यासाने सापडते. व्होल्मरच्या शाळेचे सारे मर्म मला यातच दिसते.

वाट शोधताना आडवाटाही लागल्या. १९२१ मध्ये त्याच्याच दलातील जॉन लार्सन या डॉक्टरेट मिळविलेल्या पोलिसाने खोटे ओळखण्याचे यंत्र बनविले. हेतू चांगला होता. पण घाबरलेल्या निरपराध्याची छातीही धडधडते, हे यंत्राला कसे कळावे? लार्सनलाच पुढे आपल्या यंत्राच्या वापराची खंत वाटू लागली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही, असा निर्णय दिला आहे.

पदव्यांचेही तसेच झाले. १९६८ नंतर अमेरिकन सरकारने पोलिसांच्या शिक्षणासाठी कर्जे व अनुदाने दिली, तेव्हा गावोगावच्या कॉलेजांत पोलीस विषयाचे वर्ग पावसाळ्यातील छत्र्यांसारखे उगवले. १९७८ मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने त्यांची तपासणी करून शर्मन यांनी लिहिलेल्या अहवालात कठोर मत दिले. पुष्कळ ठिकाणी कवायतीच्या मैदानावर शिकवायचे तेच वर्गात शिकवून पदवी दिली जात होती. विचार करावयास शिकविणारे व्यापक शिक्षण दूरच राहिले होते. बर्कलीचे ते गुन्हेशास्त्र विद्यालय तर १९७६ मध्येच बंद पडले होते.

आता आपल्या घराकडे वळू. वडिलांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. फौजदाराच्या जागेसाठी साधारणतः कोणत्याही मान्य विद्यापीठाची पदवी चालते; आय.पी.एस.च्या परीक्षेलाही तसेच. ती परीक्षा उतरलेल्यांना पोलिसी शिक्षण हैदराबादच्या राष्ट्रीय अकादमीत मिळते. तेव्हा 'पोलीस' हा शब्द असलेली महागडी पदवी घेतली म्हणजे नोकरी पदरात पडली, असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. परीक्षा आणि धावण्याची चाचणी कोणाला चुकत नाही. मात्र शिकण्याची इच्छा खरी असेल, तर सोय आता पूर्वीइतकी दूर नाही. गांधीनगरजवळ राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. वडोदऱ्याच्या आपल्या बांधवांना ते हाकेच्या अंतरावर. गुन्ह्याच्या वैज्ञानिक तपासाचे राष्ट्रीय विद्यापीठही गांधीनगरलाच असून त्याच्या शाखा गोव्यात व बेळगावकरांना जवळच्या धारवाडला निघाल्या आहेत. या दोन्ही संस्थांना २०२० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला. या शास्त्राची गरजही वाढणार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यानुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी तज्ज्ञाने जाऊन पुरावा गोळा करणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे होत आहे.

बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यास निघाले, आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा फौजदारांनी त्या ठशांच्या वर्गवारीचे गणित बसविले, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? डोके चालविणारा पोलीस ही काही परदेशातून आणलेली नवलाई नव्हे.

आईच्या भीतीचे काय? पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यानेच सांगून ठेवले होते. पोलीस मारील, हे धरूनच तो कायदा लिहिला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही. म्हणजे बडवून काढलेली कबुली कोर्टाच्या पायरीवर बहुधा निरुपयोगीच ठरते. मार खाणाऱ्याच्या हाडांवर मात्र ती राहते. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात हाच नियम कलम २३ मध्ये आहे. पोलीस होऊ इच्छिणाऱ्या मुलाने किंवा मुलीने प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी ते कलम मिळवावे, फार लांब नाही, आणि संध्याकाळी चुलीपाशी बसून आईला वाचून दाखवावे.