रकान्यातली पणजी

पुतण्याच्या जात पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा हवा होता. गावच्या शाळेतून आम्ही आजोबांच्या दाखल्याची जुनी नोंद काढली. जात 'महार', काम झाले. पण बापाच्या नावाच्या रकान्यात आजोबांच्या आईचे नाव! आत्याला विचारले. ती म्हणाली, "म्हातारी खंडोबाला वाहिलेली मुरळी होती. आता पोरांपुढं कशाला काढतोस रे हे?"

आत्याचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. गावाचे टोमणे तिने सोसलेत. तिच्या जखमेची खपली काढण्याचा अधिकार वकिलीची सनद देत नाही. पण पोरगी देवाला वाहायला लावणारी रूढी उजळ माथ्याने फिरणार आणि लाज मात्र आमच्या पणजीने बाळगायची, हा कुठला न्याय? 1934 साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. 1936 साली परळला बाबासाहेबांनी जोगतिणी-देवदासींना ते जिणे सोडून मानाने जगण्यास बजावले. त्यांनी या बायांकडे पाठ फिरवली नाही. आम्ही का फिरवावी?

चार महिन्यांनी आत्या राजी झाली. तिच्यादेखतच पोरांना सांगितले. तिच्या संमतीनेच इथे लिहितो. बांधवांनो, असा कागद तुमच्याही घरी निघेल. आधी जिवंत माणसाला विचारा, त्याला वेळ द्या. कागद मात्र फाडू नका.