बोअरचे जड पाणी आणि मिठाचा हिशेब

बोअरच्या पाण्याने आमच्या घरी वर्षभरात गिझरच्या दोन कॉइल जाळल्या. अंगाला साबण लावावा तर फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या मागते. वाचक भगिनींना हे काही नवे नाही. शेवटी पाणी मऊ करणारे यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, घ्यायचे ठरले आणि पहिल्याच पावलाला आम्ही फसता फसता वाचलो.

घरी आलेल्या विक्रेत्याने पेल्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडली. पाणी तांबडे-काळे झाले. आई घाबरून म्हणाली, "हेच पितो का रे आपण?" तो गाळ सळईच्याच लोखंडाचा असतो, हे आम्हाला नंतर समजले. त्याचे टीडीएस मीटरही विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देते. त्यात जडपणा किती, हे सांगत नाही. जडपणा मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियमचा. म्हणून आम्ही पाण्याची बाटली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत दिली. आकडा आला लिटरमागे ५६० मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत चांगले; दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

यंत्राच्या टाकीत राळेचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. एक लिटर राळ साधारण ५० ग्रॅम जडपणा धरते. म्हणजे २५ लिटरची टाकी १,२५० ग्रॅम. आम्ही पाच माणसे, रोजचे पाणी ५०० लिटर. सगळे पाणी मऊ केले तर दर चार दिवसांनी साडेतीन-चार किलो मीठ! पण संडासाला आणि कुंड्यांना मऊ पाणी कशाला? फक्त न्हाणीघर, गिझर व धुण्याची लाइन जोडली तेव्हा पाणी ३०० लिटरवर आले आणि धुण्याची पाळी आठवड्यावर गेली. विकणारे हे सांगत नाहीत.

बसवताना प्लंबरकडून बायपास व्हॉल्व्ह मागून घ्यावा; दुरुस्तीच्या दिवशी घर कोरडे राहत नाही. पाण्यात रेती येत असेल तर आधी जाळीचा फिल्टर. धुण्यात शंभर-दोनशे लिटर पाणी जाते, ही टंचाईच्या दिवसांतली खरी बोच. सुरुवातीचे खारट पाणी गटारातच सोडावे, झाडांना नको. शेवटचे आम्ही बादलीत धरून फरशीला वापरतो.

स्वयंपाकघराचा नळ मात्र वेगळा ठेवला. वहिनींना रक्तदाब आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे. पाण्यातून सोडियम वाढवायचे कशाला? सॉफ्टनरने जंतू मरत नाहीत, फ्लोराइडही जात नाही. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था निराळीच करावी लागते. डाळीसाठी आई रात्री पाणी उकळून ठेवते, खाली पांढरे बसले की वरचे निवळ ओतून घेते. तेवढ्याने तिच्या दोन शिट्ट्या वाचतात.