परदेशातील युद्धाची बातमी शेतकऱ्याने कशी वाचावी? खत, सोयाबीन आणि संत्र्यापर्यंत पोहोचणारे परिणाम

"लढाई तिकडं होऊन रायली, मंग पोटॅशची बॅग इथं कायले वाढली?" 2022 च्या हंगामात सावनेर, केळवद, खापा भागातील कृषी केंद्रांवर हा प्रश्न वारंवार ऐकू येत होता. प्रश्न अगदी रास्त आहे. टीव्हीवर रणगाडे दिसतात, नकाशे दिसतात, पण आपल्या गोणीचा त्याच्याशी काय संबंध हे क्वचितच कोणी सांगते. वर्तमानपत्रातही युद्ध पहिल्या पानावर असते आणि खताच्या अनुदानाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत. शेतकऱ्याच्या कामाची बातमी बहुतेक वेळा ती चार ओळींचीच असते.

पोटॅश: युद्ध थेट भावात

म्युरेट ऑफ पोटॅश (एमओपी) भारतात तयार होत नाही. लागणारे सगळे बाहेरून येते. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन आणि इस्राईल हे त्याचे मुख्य पुरवठादार. रशियाने युक्रेनवर हल्ला केला तो 24 फेब्रुवारी 2022 रोजी. आपल्याकडे तेव्हा आंबिया बहाराची फळधारणा चालू होती. पण पोटॅशची अडचण त्याआधीच सुरू झाली होती. बेलारूसवर 2021 मध्येच पाश्चात्त्य देशांनी निर्बंध घातले होते आणि 1 फेब्रुवारी 2022 पासून लिथुआनियाने आपल्या रेल्वेने बेलारूसचे पोटॅश बंदराकडे नेण्यास मनाई केली. बेलारूसला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. रेल्वे बंद म्हणजे माल बंद. त्यात रशियाची भर पडली. 2021 मध्ये हजार रुपयांच्या आसपास मिळणारी 50 किलोची गोणी 2022 मध्ये 1,700 रुपयांना गेली.

पुढचा भाग फारसा कोणी सांगितला नाही. 2023 मध्ये जागतिक बाजारात पोटॅश उतरले, मग गोणी त्या मानाने स्वस्त का झाली नाही? कारण सरकारने अनुदान कमी केले. 2022-23 मध्ये पालाशवर किलोला 25.31 रुपये अनुदान होते, ते 2023-24 च्या रब्बीत 2.38 रुपयांवर आले. एका गोणीत 30 किलो पालाश असते. म्हणजे गोणीमागे सुमारे 759 रुपयांचे अनुदान 71 रुपयांवर आले. युद्धामुळे भाव वाढला हे खरे, पण तो खाली न येण्याचे कारण दिल्लीत होते. "युद्धामुळे महाग" एवढे ऐकून थांबलेल्या शेतकऱ्याला हे कळण्याचा मार्ग नव्हता.

युरिया आणि डीएपी: भाव तोच, माल नाही

युरियाचे गणित उलटे आहे. 45 किलोच्या गोणीचा भाव सरकारने 266.50 रुपये ठरवून दिला आहे. जगात काहीही झाले तरी गोणीवरचा आकडा बदलत नाही, फरक सरकार भरते. 2022-23 या एका वर्षात खतांच्या अनुदानावर केंद्राचा खर्च सव्वादोन लाख कोटी रुपयांच्या वर गेला. डीएपीचेही बरेचसे तसेच. मे 2021 मध्ये गोणीची खरी किंमत 2,400 रुपयांवर गेली, तेव्हा अनुदान 500 वरून 1,200 रुपये करून शेतकऱ्यासाठी भाव 1,200 ठेवला गेला. 2022 पासून तो 1,350 आहे.

म्हणजे या दोन खतांत युद्ध भावात दिसत नाही, रांगेत दिसते. आयातदाराला परवडले नाही किंवा जहाज उशिरा आले की रेक कमी लागतात, नागपूरला माल कमी उतरतो आणि सावनेरच्या दुकानात "आला नाही" असे उत्तर मिळते. नोव्हेंबर 2023 पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे येऊ लागली. हा वळसा सुमारे 6,500 किलोमीटर जास्तीचा. 2024 च्या रब्बीत डीएपी कमी पडले, त्याच्या कारणांत केंद्र सरकारने हा वळसाही सांगितला होता. जून 2025 मध्ये इस्राईल-इराण युद्ध फक्त 12 दिवस चालले. पण इराण स्वतः युरियाचा मोठा निर्यातदार, आणि इस्राईलचा वायू थांबल्याने इजिप्तचे युरिया कारखानेही बंद पडले. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, हे लक्षात ठेवले की अशा बातमीचा अर्थ लगेच लागतो.

माल कमी असला की लिंकिंग सुरू होते: युरिया हवा तर ही बाटलीही घ्या. हे बेकायदेशीर आहे. ई-पॉस मशीनची पावती घ्यावी आणि सक्ती झाली तर तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी.

सोयाबीन: पहिली बातमी आणि दुसरी बातमी

शेतमालाच्या बाबतीत युद्धाची बातमी नेहमी जोडीने येते. पहिली बातमी भाव चढवते, दुसरी उतरवते. भारत सूर्यफूल तेल प्रामुख्याने युक्रेन आणि रशियातून आणत होता. युद्ध सुरू होताच ते अडले, एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि सगळी खाद्यतेले तापली. मार्च-एप्रिल 2022 मध्ये विदर्भातल्या बाजार समित्यांत सोयाबीन क्विंटलला सात हजारांच्या वर होते. (ब्राझील-अर्जेंटिनातल्या दुष्काळाचाही त्यात हात होता, सगळे श्रेय युद्धाला देऊ नये.) "अजून चढंल" म्हणून अनेकांनी माल ठेवला.

मग दुसरी बातमी आली. 23 मे रोजी इंडोनेशियाची बंदी उठली. 24 मे रोजी केंद्राने कच्चे सोयाबीन तेल आणि कच्चे सूर्यफूल तेल, प्रत्येकी वर्षाला 20 लाख टन, दोन वर्षे शुल्काशिवाय आणण्यास परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये नवा माल आला तोपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास उतरला होता. गव्हाचेही तसेच झाले. युक्रेनचा गहू अडला म्हणून भारतीय गव्हाला मागणी आली आणि 13 मे 2022 रोजी केंद्राने निर्यात बंद केली. युद्ध चालूच होते, फक्त त्याचा फायदा आपल्यापर्यंत येणारा रस्ता बंद झाला.

हा अनुभव विदर्भाला नवा नाही. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झाले. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला आणि त्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. मुंबईत पैशाचा पूर आला, वऱ्हाड आणि नागपूर प्रांतात कापसाचा पेरा वाढला. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. 1 जुलै 1865 च्या सौद्यांच्या दिवशी मुंबईतले मोठमोठे व्यापारी बुडाले. हा सगळा कापूस नेण्यासाठी ज्या रेल्वेची घाई होती, ती नागपूरला पोहोचली 1867 मध्ये, म्हणजे तेजी संपल्यावर दोन वर्षांनी!

लढाई नसतानाही

संत्र्याचा मोठा ग्राहक बांगलादेश. तिथे कोणतेही युद्ध नव्हते, तरी त्यांचे आयात शुल्क 2019 मध्ये किलोला सुमारे 20 रुपये होते ते 2023 मध्ये 88 रुपयांवर गेले. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर पट्ट्यात बागेत सौदा करणाऱ्या व्यापाऱ्याने भाव पाडला त्यामागे हे मोठे कारण होते. कापसाचेही पाहा. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले. त्याच महिन्यात, 19 ऑगस्टपासून, केंद्राने कापसावरील 11 टक्के आयात शुल्क काढले आणि ही सूट पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. पेरणी तर जूनमध्येच झाली होती. अशा वर्षी सीसीआयच्या केंद्रावर नोंदणी वेळेत करून ठेवणे हाच हाती असलेला उपाय.

मग बातमीत काय पाहावे?

"तणाव शिगेला", "महायुद्धाची चाहूल" अशा मथळ्यांवर खरेदी-विक्रीचा निर्णय घेऊ नये. निर्बंध, बंदर, सामुद्रधुनी, वायू हे शब्द आले की खताकडे लक्ष द्यावे. निर्यातबंदी, आयात शुल्क, अधिसूचना हे शब्द आले की घरात ठेवलेल्या मालाकडे. खताचे सौदे आधी झालेले असतात, माल वाटेत असतो, त्यामुळे आजच्या बातमीचा परिणाम दुकानात यायला काही महिने लागतात. उन्हाळ्यातल्या बातमीचा हिशेब खरिपात करावा लागतो. पण घाबरून जास्तीच्या गोण्या भरून ठेवू नयेत. त्याने टंचाई आणखी वाढते आणि युरिया ओल धरतो.

डीएपी मिळाले नाही तर अडून बसू नये. डीएपीच्या एका गोणीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांतून 24 किलो स्फुरद मिळते आणि सोबत 20 किलो युरिया दिला की 9 किलो नत्र भरून निघते. वर सुपर फॉस्फेटमधून गंधक मिळते ते वेगळेच, आणि सोयाबीनला त्याचा चांगला उपयोग होतो. पालाशच्या बाबतीत मात्र आधी माती परीक्षण करावे. आपल्या काळ्या भारी जमिनीत पालाश सहसा बरा असतो, त्यामुळे कापूस-सोयाबीनला सवयीने टाकलेली गोणी अनेकदा वाचवता येते. संत्रा बागेत फळाच्या आकारासाठी आणि गोडीसाठी पालाश महत्त्वाचे असते, तिथे काटकसर करू नये. माती परीक्षणाचा नमुना उन्हाळ्यात, शेत मोकळे असताना घ्यावा. बागेत तो झाडाच्या बुंध्याजवळून न घेता फांद्यांच्या घेराखालून घ्यावा.