चांदनीच्या मुली पचमढीच्या तंबूत
उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही निमाडातल्या चांदनीच्या मुली खंडवा-इटारसीमार्गे पिपरियाला उतरायचो आणि घाट चढून पचमढी गाठायचो. भारत स्काउट्स आणि गाइड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९५६ पासून तिथंच आहे. निमाडच्या उन्हातून थेट साडेतीन हजार फुटांवरच्या गारव्यात! तंबू ठोकणं, दोरीच्या गाठी, चुलीवर टोळीचा स्वयंपाक, रात्री शेकोटी. आईला न विचारता निर्णय घ्यायला मी तिथं शिकले. पुढं मीच गाइड कॅप्टन झाले. देशातलं पहिलं गाइड पथक १९११ मध्ये आपल्याच जबलपुरात सुरू झालं, हे माझ्या प्रत्येक मुलीला ठाऊक असतं. पुण्यातलं ‘संगम’ हे गाइड्सचं जागतिक केंद्रही जरूर बघा, १९६६ पासूनचं. लेक दहा वर्षांची झाली? शाळेत गाइड पथकाची चौकशी कराच.