नाशिकच्या गावांनी रेडिओला उलट प्रश्न विचारले होते, त्याची गोष्ट

४ ऑगस्ट २०१९. घाटमाथ्यावर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडलं जात होतं आणि निफाड तालुक्यातल्या सायखेडा आणि चांदोरी या गोदावरीच्या काठावर समोरासमोर वसलेल्या गावांत नदी शिरली होती. गोदाकाठाला पूर नवा नाही. पण दर वेळी गावाला हवी असते ती एकच माहिती: वरून आत्ता किती क्युसेक सोडलंय आणि ते आपल्याकडे कधी पोचेल? नेमकी त्याच वेळी वीज जाते, मोबाईलची रेंज जाते आणि जिथे रेंज असते तिथे व्हॉट्सॲपवर भलत्याच पुराचे व्हिडिओ फिरायला लागतात.

अशा वेळी खात्रीची बातमी घरोघरी पोचवणं हे 'सार्वजनिक प्रसारक' नावाच्या संस्थेचं काम समजलं जातं. ब्रिटनमध्ये बीबीसी, जपानमध्ये एनएचके. आपल्याकडे प्रसार भारती, म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन. आता गंमत अशी की सार्वजनिक आणि सरकारी हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. ते एक नाहीत. सरकारी रेडिओ सरकारचं म्हणणं लोकांना सांगतो. सार्वजनिक रेडिओने लोकांचंही ऐकायचं असतं. आपला रेडिओ यातला नक्की कोणता, हा वाद जवळपास रेडिओइतकाच जुना आहे.

सुरुवात मात्र सरकारने केली नव्हती. जून १९२३ मध्ये मुंबईत रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी प्रसारण केलं. मग इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी आली आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. तीन वर्षांत कंपनी बुडाली. रेडिओ संच महाग, ऐकण्यासाठी परवाना काढावा लागे आणि परवाने घेणारे इतके थोडे की खर्च भागेना. १९३० मध्ये सरकारने हा कारभार ताब्यात घेतला. ८ जून १९३६ रोजी त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. 'आकाशवाणी' हे नाव त्याआधीच, १९३५ मध्ये, म्हैसूरच्या एम. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या खासगी केंद्राला दिलं होतं. सरकारने ते पुढे आपल्या रेडिओसाठी घेतलं.

सरकारच्या हातात रेडिओ असला की काय होतं हे १९४२ मध्ये दिसलं. चले जाव आंदोलनाची खरी बातमी सरकारी रेडिओवर येणं शक्यच नव्हतं. मग उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो पकडला.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला फक्त सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. देशातल्या जेमतेम ११ टक्के लोकांपर्यंत आवाज पोचत होता. १९४८ मध्ये नागपूर आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झालं. मालक बदलले होते, सवय बदलली नव्हती. लोकांनी काय ऐकावं हे दिल्लीच ठरवत होती. त्या काळचे माहिती व प्रसारण मंत्री बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ. सिनेसंगीत हलकं, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि अख्खा देश बिनाका गीतमाला ऐकायला रेडिओ सिलोनकडे वळला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला श्रोत्यांपुढे मान तुकवावी लागली.

याच काळात पुणे केंद्राने दोन मोठी कामं केली. पहिलं सगळ्यांना माहीत आहे. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, दर आठवड्याला गदिमा आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण'. दुसरं काम जवळपास कुणालाच आठवत नाही, आणि सार्वजनिक प्रसारक म्हणजे काय हे समजायला तेच जास्त उपयोगाचं आहे.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत 'रेडिओ रूरल फोरम' नावाचा प्रयोग झाला. पैसा युनेस्कोचा होता आणि कल्पना कॅनडातून आलेली. तिथे शेतकरी १९४१ पासून गटागटाने रेडिओ ऐकून चर्चा करत होते. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर, म्हणजे हिंदीतले नाटककार माथुर, यांनी हा प्रयोग उचलून धरला.

पद्धत साधी होती. गावात साधारण वीस जणांचं श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे, गावकारभाराचे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि आपसात बोलायचं. हे आपल्या गावात जमेल का? पैसे कुठून येतील? सांगणाऱ्याने हे सांगितलंच नाही, त्याचं काय? चर्चेतून निघालेले प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचे आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. रेडिओचा प्रवास तोवर एकाच दिशेने होता, केंद्राकडून गावाकडे. इथे गाव केंद्राशी बोलू लागलं.

याचा उपयोग झाला की नाही हे तपासलं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, आणि या पाहणीची धुरा होती पॉल न्यूराथ यांच्याकडे. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. न्यूराथ मूळचे व्हिएन्नाचे. नाझींनी त्यांना दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत डांबलं होतं. नाझींनी रेडिओचा वापर घराघरांत एकच आवाज घुमवण्यासाठी केला होता. त्यांच्या तावडीतून सुटलेला हा माणूस आता महाराष्ट्राच्या खेड्यांत, रेडिओ ऐकून लोक एकमेकांशी काय बोलतात, ते टिपत होता.

न्यूराथ यांनी तुलना नीट केली. काही गावांत श्रोता मंडळ होतं. काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हतं. काही गावांत दोन्ही नव्हतं. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांना तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती झपाट्याने वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक नगण्य होता. म्हणजे पेटी आणून ठेवल्याने काही होत नव्हतं. माणसं एकत्र बसून वाद घालत होती म्हणून होत होतं.

प्रयोग इतका यशस्वी ठरला की १९५९ मध्ये सरकारने तो देशभर नेला. हजारो मंडळं कागदावर आली. पण पाच जिल्ह्यांत जो पाठपुरावा होता तो देशभर कोण करणार? प्रश्नांना उत्तरं यायला उशीर झाला की मंडळ विस्कटतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्यात ट्रान्झिस्टर आला. चावडीवरचा एक संच जाऊन ज्याच्या त्याच्या खांद्यावर आपापला रेडिओ आला. बाजारभाव, हवामान, शेतीविषयक सल्ला हे सगळं सुरू राहिलं आणि त्याचा उपयोगही झाला. मात्र परतीची वाट बुजली.

वरून खाली जाणारी वाट मात्र पक्की होत गेली. आणीबाणी लागू झाल्याचं देशाला २६ जून १९७५ च्या सकाळी कळलं ते आकाशवाणीवरच्या इंदिरा गांधींच्या भाषणातून. पुढच्या वर्षी सरकारशी बिनसलं म्हणून किशोर कुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. आणीबाणी संपल्यावर नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ मध्ये रेडिओ-टीव्ही सरकारपासून वेगळे काढून 'आकाश भारती' नावाच्या स्वतंत्र न्यासाकडे द्यावेत असं सुचवलं. जनता सरकार पडलं आणि ते बारगळलं. प्रसार भारती कायदा झाला १९९० मध्ये. तो लागू व्हायला १९९७ चा सप्टेंबर उजाडला. सात वर्षं कायदा नुसता पडून होता! सत्तेत नसताना प्रत्येक पक्षाला स्वायत्त रेडिओ हवा असतो. सत्ता आली की घाई संपते.

बरं, कायदा लागू होऊन तरी किती बदललं? कर्मचाऱ्यांचे पगार आजही मुख्यतः केंद्र सरकारच्या अनुदानातून होतात. वृत्तविभाग चालवणारे वरिष्ठ अधिकारी भारतीय माहिती सेवेतले, म्हणजे माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या सेवेतले. बीबीसीला ब्रिटनमधली घरं टीव्ही परवान्याचं शुल्क थेट देत आली आहेत, त्यामुळे 'आमचे पैसे' म्हणून जाब विचारता येतो. आपल्याकडे रेडिओचा परवाना पोस्टात काढावा लागायचा. १९८० च्या दशकात तो बंद झाला, आणि श्रोत्याचं रेडिओशी असलेलं पैशाचं थेट नातंही त्याच्याबरोबर गेलं.

आज सायखेड्याच्या बाजारात कांदा घेऊन आलेला शेतकरी भाव मोबाईलवर बघतो. नाशिक आकाशवाणी १०१.४ एफएमवर आहे, पण एफएमचा पल्ला मर्यादित. दूरवर पोचणारे मध्यम लहरींचे बरेच जुने प्रक्षेपक प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत बंद केले आहेत. अनेक नव्या फोनमध्ये रेडिओ चालतच नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन कंपन्यांना सूचना केली की एफएम रेडिओची सोय बंद करू नका, आपत्तीच्या वेळी ती लागते.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, जून २०२३ मध्ये, पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तिथली बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. श्रोते, पत्रकार आणि राजकीय नेते सगळ्यांनीच आरडाओरडा केला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. १९५६ मध्ये नाशिकच्या गावांनी प्रश्न पाठवले होते ते याच पुणे केंद्राला.