घरांतला ससा आणि खच्चीकरणाचा प्रश्न

बैल खच्ची करणें आपल्या शेतकऱ्यास मुळींच नवें नाहीं. पण पांढऱ्याशुभ्र सशास तसें करावें काय, असा प्रश्न निघतांच सुशिक्षित घरांतील मंडळीही क्षणभर चपापतात. आजीबाईंस तें पाप वाटतें, मुलांस निर्दयपणा वाटतो, आणि गृहिणीच्या मनांत गादीवरचे मूत्राचे डाग घोळत असतात. आमच्या मतें याचा निकाल केवळ भावनेवर सोडूं नये, आणि नर व मादी या दोहोंस एकच उत्तरही लावूं नये.

प्रथम मादीचें पाहूं. आपण पाळतों तो ससा मूळचा युरोपांतला, बिळांत राहणारा. आपल्या माळरानावरचा ससा निराळा. ही मादी चारसहा महिन्यांत वयांत येते, सुमारें एक महिना गर्भ वाहते, आणि व्याल्यावर कांहीं तासांतच पुन्हां गाभण राहूं शकते. बाजारांतून ‘जोडी’ आणणाऱ्यानें पिंजऱ्यांचा हिशेब आधींच मांडलेला बरा! परंतु पिल्लांहून मोठें कारण गर्भाशयाच्या कर्करोगाचें आहे. ग्रीन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत पांच वर्षांपुढील माद्यांपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक माद्यांस गर्भाशयांत अर्बुदें आढळलीं. तें प्रमाण त्याच्या कळपाचें. तें प्रत्येक घरच्या सशास जसेंच्या तसें लावणें बरोबर नव्हे. तथापि वय वाढेल तसा धोका वाढतो, हें पशुवैद्यांस मान्य आहे.

‘निसर्गाविरुद्ध कां जावें?’ असें कोणी विचारील. रानांतला ससा कोल्ह्याच्या व ससाण्याच्या तावडींतून सुटून दोन वर्षेंही क्वचितच जगतो. हा रोग जडण्याइतकें आयुष्य त्यास बहुधा लाभतच नाहीं. आपल्या घरीं तो आठदहा वर्षें जगतो तो आपल्या मायेमुळें, आणि त्या मायेबरोबरच हा धोकाही आपण त्याच्या अंगावर घालतों. मग तो टाळण्याचें काम दुसऱ्या कोणाचें?

दुसरी बाजूही हलकी नाहीं. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणींत (ती २००८ सालीं प्रसिद्ध झाली) भूल वा गुंगी दिलेल्या कुत्र्यांपैकीं शेंकडा ०.१७, मांजरांपैकीं ०.२४, तर सशांपैकीं १.३९ दगावले. निरोगी सशांचेंच प्रमाण ०.७३, म्हणजे सुमारें १३७ सशांमागें एक. ससा स्वभावानें भित्रा, त्याच्या श्वासनलिकेंत नळी घालणें कठीण, आणि खाणें थांबलें कीं त्याचें आंतडेंही मंदावतें. कुत्र्यामांजरांच्या शस्त्रक्रियेंत निष्णात असलेला डॉक्टर सशाच्या बाबतींत तितकाच सराईत असेल, असें गृहीत धरूं नये. आजवर किती सशांवर शस्त्रक्रिया केली, हें त्यांस खुशाल विचारावें. ‘रात्रभर उपाशी ठेवून आणा,’ असें जो सांगेल त्याच्या हातीं ससा देऊं नये. सशास ओकारी येतच नाहीं. उपवासानें त्याचें नुकसानच होतें.

जाणता डॉक्टर मिळत असेल तर मादीची शस्त्रक्रिया सहा महिन्यांनंतर, पण दोन वर्षांच्या आंत, करून घ्यावी असें आम्हांस निश्चितपणें वाटतें. वैशाखाचा उकाडा धडधाकट सशासही सोसत नाहीं. म्हणून थंडीचे दिवस पाहावे. असा डॉक्टर गांवांत नसेल तर मादी नरापासून वेगळी ठेवावी, व मूत्र तांबडें दिसल्यास तपासून घ्यावें. पाल्यानेंही तें कधीं तांबूस होतें, पण तो निर्णय आपण घरीं करूं नये.

नराची शस्त्रक्रिया लहान; पोट उघडावें लागत नाहीं. एकटा, शांत, ठरल्या जागीं मूत्र करणारा नर असेल तर घाई कसली? दोन नर एकमेकांस रक्तबंबाळ करीत असतील, किंवा मादीचा सोबती हवा असेल, तर मात्र ती करावी.

घरीं आणल्यावर गवत व कोथिंबीर लगेच पुढें ठेवावी आणि लेंड्या पडतात कीं नाहीं हें पाहावें. बारा तासांत खाल्लें नाहीं तर सकाळची वाट न पाहतां डॉक्टरांकडे न्यावें. खच्ची केलेला नर मात्र पुढें सहा आठवडे मादीजवळ सोडूं नये. तोंवर त्याच्यापासून गर्भ राहूं शकतो.